रंग नसलेली राख

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचा फोटो काढायला साकोलीहून एक फोटोग्राफर सानगडीला आमच्या घरी आला होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

खिडकीतल्या उजेडाने बाबांचा एक गाल निळसर दिसत होता, बल्बने दुसरा पिवळा. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन तो नंतर त्यांचा एक करणार होता. फोटोत रंग खरे यावेत म्हणून त्याला जुळवायला बिनरंगी काहीतरी हवं होतं; मी बाबांचा पांढरा सदरा दाखवला. त्याने मान हलवली.

"नीळ देल्लं कापड हाय, दादा. याच्यावर भरोसा ठेवला तर चेहरा पिवळा येते. चुलीतली राख आणा. राखेले कोणताच रंग नसते."

आई दारातच थबकली. आजारी माणसाजवळ राख न्यायला तिचं मन धजेना. ते ओळखून त्याने राख स्वतःच्या तळहातावर घेतली. आधी खिडकीशी, मग बल्बखाली हात धरून त्याने राखेचे फोटो घेतले. बाबांच्या अंगावर कणही पडू दिला नाही.

"बाबांना थोडं उजळ करा," मी म्हटलं.

"करून देईन. पण मंग पाहाल कोणाले?"

आता बाबा नाहीत. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्याने त्यांना गोरं केलंय. आई हार घालते तो शेजारी लावलेल्या, त्या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोतल्या सावळ्या बाबांना.