शिनोलीजवळचा दहावा

दोन दिवसांत लघुपट लिहायचा, शूट करायचा आणि पाठवून द्यायचा, अशी ती हौशी लोकांची स्पर्धा होती. विषय आयत्या वेळी मोबाइलवर आला: वचन. आमची टीम म्हणजे मंचरचा लग्नांचं शूटिंग करणारा एक मित्र, त्याचा शाळामास्तर भाऊ आणि संवाद लिहायला मी. मला लगेच दहावा सुचला. कावळा पिंडाला शिवत नाही, घरचे एकेक वचन देत जातात, शेवटी बायको काहीतरी बोलते आणि तो येतो. आपण काय भारी लिहिलंय, अशा तोऱ्यात मी होते.

घोडं अडलं बायकोपाशी. विधवेचं काम करायला एकही सवाष्ण तयार होईना. चुलतबहिणीने तर फोनच आपटला. शेवटी माझी आई म्हणाली, "मी बसते. माझं काय जायचंय आता?" मला ते लागलं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिनोलीजवळ नदीकाठी मांडामांड केली. मास्तर मुलगा झाला. टक्कल करायला त्याने साफ नकार दिला, म्हणून त्याला टोपी घातली. भाताचे पिंड मात्र खरे होते. आणि हे सगळं रस्त्यावरून दिसत होतं, तिथेच आम्ही चुकलो. आमच्याकडे दहावा दिसला की माणूस गाडी थांबवतो. आधी मोटारसायकली थांबल्या, मग एक जीप. माणसं येऊन गुपचूप बसत गेली. मित्र कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

एका म्हाताऱ्या बाबांनी आईला हळूच विचारलं, "कोण गेलं, बाई?"

"आमचं मालक," आई म्हणाली.

वडील कोरोनात गेले. जन्मभर लोकांच्या दहाव्याला धावलेला माणूस, आणि त्यांच्या दहाव्याला नदीवर फक्त चुलते, आई आणि मी. बंदीच होती, हे आईला कळत होतं. तरी ते दुःख तिच्या मनातून कधी गेलं नाही.

मी उठले आणि सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं. हा सिनेमा आहे, वडील जाऊन काही वर्षं झाली, तेव्हा कोणाला येता आलं नव्हतं. आता शिव्या खायच्या, अशी तयारीच केली होती.

बाबांनी पिंडाकडे पाहिलं. "आसू द्या. घास ठेवलाय न्हवं? शिवला की जाऊ."

एकही माणूस उठला नाही. कावळा येईना आणि मास्तर पाठ केलेली वचनं विसरून गेला. मग बाबांनीच हात जोडले. "पावणं, मागची काळजी करू नका. बाईला काय लागलं तर आमी हाय."

जीपवाला म्हणाला, "आमी काय लांबचं न्हाई. हाक मारा, येतो."

ही माणसं वडिलांना ओळखतही नव्हती. असं मला जन्मात लिहिता आलं नसतं.

थोड्या वेळाने कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मग एकेक जण आईसमोर येऊन हात जोडून गेला. शेवटचा माणूस जाईपर्यंत आई उभी होती. मित्राने कॅमेरा केव्हाच बंद केला होता. सिनेमा राहिला तो राहिलाच.

गाडीत बसल्यावर आईने पदराने तोंड पुसलं.

"ह्यांच्या दहाव्याला लई माणसं आली," ती म्हणाली.