विहिरीतले डावे फेरे

बदनापूरहून रोज रेल्वेने जालन्याच्या कचेरीत जाणारा एक कारकून पहाटे आमच्या विहिरीत पोहायचा. पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग लांब शर्यत त्याला पुरी करायची होती. हाती वेळ अर्धा तास. विहिरीच्या कडेने गोल एक फेरा चोवीस मीटरचा, शर्यतीत पोहायचे एकोणीसशे मीटर, म्हणजे ऐंशी फेरे. मी काठावर खडे टाकून मोजायचो. त्याचे पस्तीस होत. उरलेले तो बहुधा कचेरीत मारत असावा.

वळायचा कायम डावीकडे.

"अरे, कधी उजवीकडेही वळ."

"काका, टाइम न्हाई. दिशा बदलली की दम तुटतो, मंग गाडी जाते."

शर्यतीला मीही गेलो. सत्तर मिनिटांत पाण्याबाहेर न येणारा बाद होणार होता. तलावात सरळ जायचे होते. हा मात्र सवयीने डावीकडे वळत राहिला. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा होडीतला नावाडी ओरडून थकला. बहात्तराव्या मिनिटाला हा बाहेर आला. सायकल तशीच परत आणली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो, तर तो उजवीकडे वळत होता. पस्तिसाव्या फेऱ्याला गाडीची शिटी ऐकू आली. तो वर न येता पोहतच राहिला. मी छत्तिसावा खडा टाकला.