गोळीचा उपास

पेशींचं विभाजन चालू-बंद करणारी एंझाइमं हा माझा विषय. परळच्या प्रयोगशाळेत त्यांच्या मागे लागून केस पिकले माझे. घरी मात्र आईच्या सोमवारांचा मला पत्ता नव्हता.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल नेमकी माझ्या ओळखीच्या एंझाइमला रोखणारी निघाली. मला भलताच धीर आला. नायगावच्या घरी ओट्यापाशी उभं राहून मी तिला समजावलं, "हे एंझाइम एकटं असलं की नुसतं बसून असतं. पेशी त्याला जोडीदार बनवून देते, मग ते कामाला लागतं. काम झालं की पेशीच त्या जोडीदाराला मोडून टाकते. तुझ्या गाठीत हा आवर सुटलाय. कॅप्सूल तो घालते."

"म्हणजे आरतीतलो झांजवालो," आई म्हणाली. "तो इल्याशिवाय सुरू होणा नाय, नि गेल्याशिवाय सरणा नाय."

मी खूश. हिला सगळं कळलं!

तीन आठवडे रोज जेवणासोबत एक कॅप्सूल, मग आठवडाभर सुट्टी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढायलाही तेच एंझाइम लागतं, म्हणून ही सुट्टी. पण दोन फेऱ्या झाल्या तरी पांढऱ्या पेशी वर येईनात. असंच चाललं तर औषध थांबवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी शोधनिबंधांचा ढीग उपसत बसले. खरं तर मी पुरती घाबरले होते.

पुढच्या फेरीच्या सुट्टीच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी घरी होते. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवता जेवता आईने पाण्यासोबत कॅप्सूल गिळली.

"अगं, आता बंद आहे ना?"

"सोमवारची रवलेली ती. वरचा कव्हर हाडांचा असता, शेजारणीन सांगल्यान. सोमवारी आपण मासळी खाणव नाय, मग ता कसा खावचा? तीन सोमवार रवले, ते आता भरून काढतंय. एकवीस म्हणजे एकवीस. देवाक फसवूक नाय, डॉक्टराक फसवूक नाय."

मी नको नको ते बोलले. ती माझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढत राहिली. माझ्या या वयात! माझा राग तिथेच गळाला. उरली ती स्वतःची लाज. काचेच्या बशीतल्या परक्या पेशींची मी तासातासाला विचारपूस करते, आणि आईला एकदाही विचारलं नव्हतं.

तेच औषध साध्या गोळीतही मिळतं, त्यात हाडाबिडाचं काही नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वेळी मी तिला वेगळं समजावलं. "सुट्टीचा आठवडा म्हणजे गोळीचा उपास. तेवढ्यात तुझ्या रक्ताने सावरायचं. हा उपास मोडायचा नाही."

"असा आधी सांगूक नको?" आई म्हणाली. कॅलेंडरवर सात चौकोनांत तिने वाकड्या अक्षरात 'उपास' लिहिलं. त्या सात दिवसांत तिने डबीला हातसुद्धा लावला नाही.

रिपोर्ट आला. पेशी वर आल्या होत्या, औषध चालू राहणार होतं. आठव्या दिवशी सकाळी तिने तांदळाची खीर केली. उपास सोडायचा तर गोड हवं. चमचाभर खिरीसोबत तिने गोळी घेतली आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

"दोन म्हयने तू धड जेवूक नाय गो," ती म्हणाली. "आता तुझोय उपास सोड."