साठाचा काटा

तमाम करवीरवासीयांस, तसेच पंचगंगेच्या दोन्ही काठांवरील सुज्ञ नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, आमच्या वडिलांची मोटारसायकल ताशी एकशे चाळीस मैल पळत असे. सदर मोटारसायकल चढाला लागली की वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेल्या बायका तिच्याशेजारून गप्पा मारत चालत, ही बाब वेगळी. आकडा मीटरवर रंगवलेला होता, आणि आमच्या घरात मीटरवरच्या आकड्याला देव्हाऱ्यातल्या टाकाइतका मान होता.

त्याला कारण वडिलांची नोकरी. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायची, वडील आकडा मोठ्यानं सांगायचे आणि शेतकरी तो निमूट ऐकून घ्यायचा. आमच्या भागात शिवी देऊन भागतं तिथं माणसं शिवी देतात. भागत नाही तिथं ‘काटा मारतोस काय रं?’ म्हणतात. वडिलांना ते कधी कुणी म्हटलं नाही. हंगामात रोज सकाळी, पहिली गाडी यायच्या आत, ते स्वतः प्रमाणवजनं काट्यावर चढवून बघत. ठरलेली वजनं, ठरलेला आकडा. तो आला की चहा. नाही आला तर चहाही नाही आणि काटाही बंद. बाहेर बैल हंबरू देत नाहीतर गाडीवान.

गाडी इंग्रजी, लष्कराच्या लिलावातून निघालेली, चार घरं फिरून आमच्याकडं आलेली. तिचं मूळ मीटर मैलांचं होतं. उतारावर गाडी पन्नाशीला पोचली की अशी काही गुरगुरायची की वडील घाबरून पंचेचाळिसावर यायचे. एका उन्हाळ्यात ते मीटर फुटलं. इंजिनाचं काम काढलेलंच होतं, म्हणून वडिलांनी कोल्हापुरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून दुसरं आणलं. काटा जिवंत होता. अंतर मोजणारे आकडे मात्र गंजून जागेवर बसले होते, आणि तबकडी उन्हानं इतकी उडालेली की वाचायला ज्योतिषीच हवा.

ज्योतिषी नाही, पेंटर मिळाला. सिनेमाची बॅनरं रंगवणारा वडिलांचा जिवलग दोस्त; आम्ही त्याला चाचा म्हणायचो. नायिकेचा एकेक डोळा परातीएवढा काढायची ज्याला सवय, त्यानं पेल्याच्या तळाएवढ्या तबकडीवर श्वास रोखून आकडे गिरवले. तेही मराठी आकडे, लाल रंगात, प्रत्येकाला काळी सावली. शेवटचा एकशे चाळीस. खाली ऐटदार वळण देऊन लिहिलं : मैल. पाहुण्यांना चहाच्या आधी मीटर दाखवलं जाऊ लागलं.

गाडीही अचानक तरुण झाली. पन्नाशीत धापा टाकणारी बया आता ऐंशी दाखवायची. वडिलांनी श्रेय इंजिनातल्या नव्या रिंगांना दिलं. मिस्त्री ते नाकारायच्या फंदात पडला नाही. कोण पडेल?

त्याच गाडीवरून वडिलांनी आईला दवाखान्यात नेलं.

दुपार होती. आई परड्यात धुणं वाळत घालता घालता खाली बसली ती उठेना. पोटात काहीतरी फुटलं होतं आणि आतल्या आत रक्त चाललं होतं, हे नंतर कळलं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याचं नाव वडिलांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. कारखान्याची जीप गडहिंग्लजला गेली होती. शेजारच्या काकूंनी आईला गाडीवर मागं बसवलं, धुण्यातल्या तिच्याच लुगड्यानं तिला वडिलांच्या पाठीशी बांधलं आणि ती दोघं कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. मी कॉलेजात होतो, कोल्हापुरातच. निरोप मिळून दवाखान्यात पोचलो तेव्हा वडील व्हरांड्यात उभे होते आणि ते लुगडं अजून त्यांच्या कमरेला होतं. गाठ कुणी सोडली नव्हती, कापून तिला उतरवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.”

दिवस घालून झाले, माणसं भेटायला येत राहिली. वडील रडले नाहीत. प्रत्येकाला एकच सांगायचे, “साठानं आणली. मैलानं साठ. साठाखाली काटा येऊ दिला न्हाई.” ऐकणारा मान हलवून म्हणायचा, “ह्याच्या वर माणसानं काय करायचं?” मग वडील दोन घास खायचे. मी सांगतो, त्या वर्षात तो माणूस भाकरीवर जगला नाही, त्या साठावर जगला.

वर्षश्राद्धाला मामा आले. आईचा धाकटा भाऊ. आवाज असा की घरात बोलले तर काट्यावरचे बैल बुजावेत. त्यांनी नुकतीच नवी देशी मोटारसायकल घेतली होती. संध्याकाळी त्यांना निरोप द्यायला वडील आपल्या गाडीवर थोडं अंतर सोबत निघाले, मी वडिलांच्या मागं. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी, दोघं मोठ्यानं बोलत. आईच्या माघारी त्या दोघांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघत होतो.

“दाजी, तुमची म्हातारी पळतीय की!”

“पन्नास हाय बघा काटा!”

“माझा बी पन्नास!”

“मग दमवू नका पावणं, तुमचं पोरगं लहान हाय!”

मामांनी वाकून आमचं मीटर वाचलं, परत आपलं वाचलं आणि खदखदून हसत गाडी कडेला घेतली. “ओ दाजी, तुमचं पन्नास मैल आन माझं पन्नास किलोमीटर. आन चाललोय खांद्याला खांदा लावून! दोघातला एक मीटर गंडलाय. तुमचाच, बघा. पेंटरनं काढलेला हाय, त्यो पळणारच.”

“तुमचा गंडलाय. दुकानदारानं टोपी घातली.”

मामा काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडतच होते, आणि त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. त्यांच्या ध्यानात आलं. साठ. त्यांच्या बहिणीचा साठ.

असा तोंडाळ माणूस इतक्या झटक्यात पलटी खाताना मी परत कधी पाहिला नाही. “न्हाय न्हाय, माझाच गंडला असंल,” मामा म्हणाले. “नवी गाडी हाय. नव्या गाडीचं काय खरं असतंय? उद्याच दुकानदाराच्या बोडक्यावर नेऊन घालतो. चला, अंधार पडंल.”

पण वडील गाडीवरून उतरले होते. काट्यावर शंका घेतली गेली होती.

“आधी तपासायचा,” ते म्हणाले, “मग बोलायचं.”

तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली आणि मामा बिचारे मुक्कामाला राहिले, ते केवळ तिला खीळ घालायला. वडिलांनी पुढचं चाक काढलं. चाकापासून मीटरपर्यंत जाणारी केबल काढून, पुसून, तेल देऊन बोटांत फिरवली. केबल ठणठणीत. चाकातलं दातेरी चक्र बघितलं. एक दात झिजलेला नाही. टायरची हवा बघितली. मामा प्रत्येक वेळी आशेनं म्हणायचे, “हितंच घोळ हाय दाजी, ह्या केबलीतच!” आणि वडील मान हलवायचे. केबलीत दोष निघाला असता तर बरं झालं असतं. केबल त्या दुपारनंतर बिघडली, असं तरी म्हणता आलं असतं.

दोष निघेना, तेव्हा वडिलांनी प्रमाणवजनं आठवावीत तसे रस्त्याकडेचे दगड आठवले. मैलाचे जुने दगड काढून सरकारनं किलोमीटरचे नवे बसवून फार वर्षं झाली नव्हती. हिशेब त्यांनीच केला : काटा साठ मैलांवर खरा असेल, तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जायला मिनिटभर लागता कामा नये, बरंच कमी लागलं पाहिजे. पुरतं मिनिट लागलं, तर तो साठ किलोमीटरचा. मला मागं बसवलं, हातात घड्याळ दिलं.

कारखान्यापलीकडचा सरळ रस्ता, दोन्हीकडं ऊस. वडिलांनी काटा साठावर आणून असा धरला की वाटावं खिळा ठोकलाय. पहिला दगड गेला. मी सेकंदकाट्याकडं बघत होतो. तो अर्ध्यावर गेला. पुढं गेला. दुसरा दगड दिसत होता, पण येत नव्हता. मी मनात त्या दगडाला आईमाई घातली, हात जोडले, जवळ ये म्हटलं. काटा फिरून पुन्हा वर पोचला तेव्हा कुठं दगड आमच्या पायाशी आला.

वडिलांनी गाडी थांबवली. “किती?”

मी खोटं बोललो. निम्म्याच्या जरा पुढं, म्हणालो. वडिलांनी मागं हात करून घड्याळ मागून घेतलं आणि म्हणाले, “परत बघू. आता मी मोजतो.”

परत बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं. मग ते घरी आले, मीटर सोडवून पिशवीत घातलं आणि आम्ही तिघं कोल्हापूरला चाचाकडं गेलो.

चाचाच्या शेडमध्ये जमिनीवर एक भलीथोरली नायिका रंगवून आडवी पडली होती. एका कोपऱ्यात तिचं रडणं अजून ओलं होतं. तिच्या गालाच्या कडेनं अंग चोरत आम्ही आत गेलो. चाचानं काच काढली, टर्पेंटाइनचा बोळा केला आणि वडिलांकडं बघितलं.

“पुसू? एवढं झ्याक लिवलंय.”

“पूस.”

‘मैल’ लाल होऊन ओघळला. खाली, जुन्या फिकट पांढऱ्या रंगात, तीन इंग्रजी अक्षरं दिसू लागली. के. पी. एच. ह्या मीटरच्या काट्यात कधीच दोष नव्हता. काटा पहिल्या दिवसापासून अगदी खरं बोलत होता, फक्त किलोमीटरमध्ये.

चाचाला काय घडतंय ते कळलं नव्हतं. तो हसत म्हणाला, “मला इंग्रजी कुठलं येतंय मालक? तुम्ही सांगितलं मैल, मी लिवलं मैल. कोस सांगितलं असतं तर कोस लिवलं असतं की!”

मामांनी त्याचा दंड धरला.

वडील तबकडीकडं बघत होते. क्विंटलचे टन करायची सवय असलेलं डोकं. ते थांबवणार कोण? ओठ हलले आणि आकडा ठेवणीतल्या, काट्यावर सांगायच्या आवाजात बाहेर आला. “साठ म्हंजे सदतीस. सदतीस मैल.” मग जरा वेळानं, “गाडी ऐंशी दावत हुती. मी साठावर धरली.”

“रस्ता कुठं चांगला हुता दाजी,” मामा म्हणाले. त्यांचा तो आवाज शेडच्या पत्र्यालाही पोचला नाही. “मागं आजारी माणूस. माझी बहीण हाय ती, मी सांगतो तुम्हाला, कुणीबी असतं तर एवढ्यावरच धरली असती.”

वडिलांनी ते ऐकलं असेल असं वाटत नाही. त्या वाटेवर आई काही बोलली का, हे वर्षभरात आम्ही त्यांना कितीदा तरी विचारलं होतं आणि दर वेळी त्यांनी काट्याचंच सांगितलं होतं. आता त्यांनी मामांकडं बघितलं, एखाद्या शेतकऱ्यानं काट्यावरच्या माणसाकडं बघावं तसं, आणि एकदम मोठ्यानं बोलले,

“मग ती मागनं ‘अहो हळू, जरा हळू’ का म्हणत हुती?”