चाळीस दिवसांची दाढी

टिमोक नदीच्या काठी व्लास्ता न्हाव्याचं दुकान होतं. आत दोन खुर्च्या, एक त्याची आणि एक पोराची. पोरगा रादिशा एकोणिसाव्या वर्षी व्हिएन्नाला गेला, मग मिलान, मग लंडन, असा गेला तो गेलाच. तरी बापाने ती दुसरी खुर्ची कुणाला दिली नाही. रोज सकाळी तिच्यावरची धूळ तेवढी पुसायचा.

रादिशाने नाव काढलं यात वाद नाही. त्याने बांधलेले केस मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत, नट्या त्याच्यासाठी दोन-दोन तास थांबत. पण हात बसला तो इथेच, फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्याने फेस अलगद उतरवायचा. फुगा फुटला की व्लास्ता मान न वळवता म्हणायचा, "मेला बिचारा. आता त्याच्या बायकोला काय सांगशील?" अख्खं दुकान खिदळायचं.

गावातला कुणीही गेला तरी त्याची शेवटची दाढी व्लास्ताच करायचा. घरातल्या पुरुषांनी मग चाळीस दिवस गालाला वस्तरा लावायचा नाही. चाळिसाव्याला थडग्यावर मेणबत्त्या लागल्या, उकडलेले गहू वाटून झाले, की मंडळी थेट व्लास्ताच्या खुर्चीत. "सगळ्यांची मी केली, माझी तू कर," तो पोराला सांगून ठेवायचा. "त्या सोतीरच्या हातात देऊ नका मला. तो मेंढरं कातरतो." रादिशाने हसत हसत शब्द दिला होता.

फेब्रुवारीत तीन दिवस तापाने अंथरुणाला खिळून व्लास्ता गेला. रादिशा तेव्हा लंडनमध्ये होता आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मोठा शो होता.

"पाद्री उद्या दुपारी म्हणतायत," आई, स्तानिया, फोनवर म्हणाली. "ये रे लवकर. मी कुणाला हात लावू देत नाहीये त्यांना."

पहाटेचं विमान होतं. जागाही होती. तो गेला नाही. सकाळी त्याने फोन केला, "आई, विमान रखडलंय गं धुक्यात," आणि पंधरा मुलींचे केस बांधायला घेतले. तो गावी पोचला तेव्हा थडग्यावरची माती अजून ओली होती. स्तानियाने शवपेटी बंद होईपर्यंत वाट पाहिली होती. ज्याने जन्मभर गावाचे गाल गुळगुळीत ठेवले, तो स्वतः चार दिवसांचे पांढरे खुंट घेऊन गेला.

रादिशाला ते फार लागलं. "मी दाढी ठेवतोय आई," तो म्हणाला. "चाळिसाव्याला येऊन बाबांच्या खुर्चीत बसून काढीन. त्यांच्याच वस्तऱ्याने." म्हातारीचा चेहरा जरासा निवळला. तिने तेवढंच धरून ठेवलं. तो परत गेल्यावर रोज फोनवर विचारायची,

"किती वाढली रे?"

"बोकड दिसतोय मी."

"खाजते?"

"खूप."

"खाजू दे. आजोबा गेले तेव्हा तुझे बाबाही असेच खाजवत बसायचे."

तेहतिसाव्या दिवशी पॅरिसहून बोलावणं आलं. केसांच्या तेलाच्या जाहिरातीला त्याचाच चेहरा हवा होता. देशोदेशी भिंतींवर लागणार होता. याच दिवसासाठी तर त्याने गाव सोडलं होतं. "फक्त हे जंगल तेवढं काढू या," तिथली बाई गोड हसून म्हणाली. वडील गेलेत, सात दिवस थांबा, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माणूस वाईट नव्हता हो, पण ऐन वेळी गप्प बसायची त्याला सवय लागली होती. मशीन घरघरलं आणि दोन मिनिटांत दाढी फरशीवर पडली.

चाळिसाव्या दिवशी सकाळी तो घरी आला तो नाकापर्यंत मफलर गुंडाळूनच. दुकानात स्तानियाने पाणी तापत ठेवलं होतं. व्लास्ताच्या खुर्चीवर धुतलेला कपडा, शेजारी ब्रश आणि परजलेला वस्तरा. तिने मफलर खाली ओढला. मग गालावरून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"आई, तिथे असं झालं की..."

"असू दे."

बाहेरून सोतीरने हाक मारली. नात्याचा ना गोत्याचा, पण त्यानेही चाळीस दिवस दाढी राखली होती, गालभर दाट वाढलेली. "स्तानिया, पोरगा आला का गं?"

स्तानियाने गव्हाचं भांडं उचललं. "तू वर थडग्यापाशी येऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "लोक तोंड बघतील तुझं."

"मग त्यांना काय सांगशील?"

"विमान रखडलंय म्हणून सांगते. धुक्यात." तिने डोक्याला काळा रुमाल बांधला. "मी नव्हतं का ऐकून घेतलं? तेही घेतील."

दार लागलं. रादिशाला आतून सगळं ऐकू येत होतं.

"धुकं?" सोतीर म्हणत होता. "अगं, एवढं लख्ख ऊन पडलंय!"

"तिकडे असतं बाबा," स्तानिया म्हणाली. "त्याच्याकडे नेहमी असतं."

पावलं चढावर लांब गेली. रादिशाने पाण्याखालचा गॅस बंद केला. मग स्वतःच्या खुर्चीत, चाळीस दिवसांच्या धुळीत, तो रडत बसला.