उभ्या गाडीचं पेट्रोल

मीटरकाकांच्या गाडीचं अॅव्हरेज नऊवर आलं आणि काकांची झोप उडाली. गाडी एकवीस वर्षांची, मान्य. शहरात गर्दी वाढली, तेही मान्य. पण चौदा देणारी गाडी नऊ देते म्हणजे काय? या माणसाने सगळी नोकरी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती. आकडा बिघडला की कुठेतरी गळतंय, एवढं त्यांना झोपेतसुद्धा कळायचं. कचेरीत सगळे त्यांना मीटरच म्हणायचे. निवृत्तीनंतर त्याला नुसतं काका चिकटलं.

मग काय, गृहस्थ हात धुऊन गाडीच्या मागे लागले. चाकांतली हवा दर आठवड्याला तपासली. डिकीतली अडगळ उतरवली. एअर फिल्टर नवा टाकला. एसीला तर हातच लावायचा नाही, मग घामाने निथळलं तरी चालेल. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला आणि सकाळी गुडघे टेकून पाहिला, तर पेट्रोलचा एक थेंब नाही. आकडा नऊच. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते गाडीलाच बोलायचे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.

मुलीशी बोलणं तुटलं त्यालाही तीनच वर्षं. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला रजा मिळाली नाही आणि ती एक दिवस उशिरा पोचली. दवाखान्याच्या जिन्यात, चार माणसांदेखत काका तिला म्हणाले, "आता कशाला आलीस? तुझी वाट बघून बघून गेली ती." साफ खोटं होतं हे. बाई दोन दिवस शुद्धीतच नव्हती, ती कुणाची वाट बघणार? पण दुःखात माणसाला कुणावर तरी तोंड टाकायचं असतं, आणि समोर पोरगी होती. पोरीने चकार शब्द काढला नाही. त्यानंतर तिने फोन केला नाही, यांनीही केला नाही. यांचं म्हणणं, असलं काही फोनवर बोलायचं नसतं, समोर जाऊन सांगायचं असतं.

तर समोर जायला म्हणून ते दर शनिवारी संध्याकाळी निघायचे. गाडी बाहेर पडायची ती जवळजवळ तेवढ्यासाठीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक दाट झाड होतं, त्याखाली गाडी लावायचे. तिसऱ्या मजल्यावरचा तिच्या स्वयंपाकघरातला दिवा फांद्यांतून दिसायचा. पाच मिनिटांत वर जाऊ, म्हणायचे. इंजिन मात्र चालूच ठेवायचे, कारण सेल्फ अगदी मरायला टेकला होता. एकदा गाडी बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, तर मुलीच्या दारात धक्का मारायची पाळी यायची. पाच मिनिटांची पंधरा व्हायची, पंधराची चाळीस. पाय काही उचलायचा नाही. मग गाडी वळवून मुकाट घरी. आता पेट्रोल कुठे जात होतं हे शेंबड्या पोराने सांगितलं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या घरची गळती हुडकणाऱ्या या माणसाला स्वतःची दिसेना.

दिसली ती गॅरेजमधल्या मिस्त्रीला. त्याने प्लग काढून काकांच्या तळहातावर ठेवले. काळेकुट्ट.

"काका, गाडी धावून प्लग असे होत नाहीत. ही उभ्याउभ्या पिते. एवढा वेळ उभी कुठे करता?"

"सिग्नल फार लांबलेत हल्ली."

"शहरातले सगळे सिग्नल ओळीने लावले ना, तरी एवढा कार्बन धरायचा नाही. बरं, नका सांगू." मिस्त्रीने हात पुसले. "सेल्फ नवा टाकतो, ट्यूनिंग करून देतो. पण यापुढे उभी राहिली की बंद करायची. कबूल?"

काकांनी कबूल केलं आणि शब्द पाळला. गाडीचा आवाज इतका मऊ झाला की ही आपलीच का, असं त्यांना वाटलं. झाडाखाली पोचले की चावी फिरवून इंजिन बंद. फुकट जाळतोय ही टोचणी गेली, तसे ते तासतासभर बसू लागले. अॅव्हरेज तेरावर गेलं. बिचारे तीन वर्षांत पहिल्यांदा खूश झाले, मिस्त्रीला मुद्दाम जाऊन सांगून आले. असे तीन महिने गेले.

मग लागोपाठ दोन शनिवार दिवा लागला नाही. पहिल्यांदा वाटलं, बाहेर गेले असतील. दुसऱ्यांदा मनात आलं, कोणी आजारी तर नाही? त्या धास्तीने, तीन वर्षं न उचललेला पाय उचलला. धापा टाकत काका तिसऱ्या मजल्यावर पोचले, तर दाराला कुलूप. त्यांनी बेल वाजवली, पुन्हा वाजवली. शेवटी समोरच्या घरातल्या बाई हातात फडकं घेऊन बाहेर आल्या.

"ते नाहीत हो. गेले, दोन आठवडे झाले. तिच्या नवऱ्याची बदली झाली. फार लांब, विमानाने जावं लागतं."

"मी तिचा बाप," काका म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे शनिवारची गाडी तुमची?"

काकांनी मान हलवली.

"तिला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीचा आवाज शाळेपासून पाठ होता तिला. खाली घरघर सुरू झाली की ती चहाला एक कप पाणी जास्त ठेवायची. खिडकीत मात्र जायची नाही. म्हणायची, मी दिसले की बाबा पळतील, येतील आपणहून." त्यांनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "या बदलीला दोन वर्षं नको नको म्हणत होती, तेवढ्याचसाठी. नवऱ्याशी भांडली. मग तो आवाज यायचाच बंद झाला. दोन महिने वाट पाहिली तिने. एकदा खाली वाकून बघितलंसुद्धा, पण त्या झाडाखालचं काय दिसतंय. शेवटी म्हणाली, बाबांनी मला मनातून काढून टाकलं. आणि बदलीला हो म्हणाली."

काकांनी जिन्याचा कठडा धरला.

"खालीच होतो मी," ते म्हणाले. "दर शनिवारी होतो. इंजिन बंद करून बसायचो."

"बंद करून? का?"

"पेट्रोल फार जात होतं," काका म्हणाले.