आपांना हवा होता तो शब्द

निवृत्तीनंतरच्या पहिल्या जूनमध्ये, शाळेच्या घंटेवाचून सकाळ कशी उलगडते ते मी प्रथमच पाहिले. ऊन ओट्यावर येते, थोडे रेंगाळते, मग भिंत चढते. चहाचा पेला निवेपर्यंत नुसता हातात धरून ठेवता येतो. इतक्या रिकाम्या वेळाची मला भीतीच वाटली होती. ती आपांनी घालवली.

हिंगोलीत आमच्या भिंतीला लागून त्यांचे घर. नोकरीच्या साऱ्या वर्षांत माझे ब्लाऊज त्यांनीच शिवले. पुढे गुडघ्यांनी शिलाई मशीन सोडायला लावली आणि माझ्या आगेमागेच त्याही मोकळ्या झाल्या. मी त्यांना आपा म्हणते, त्या मला बाई. दोघींनी एसटीने हिंडायचे ठरवले. काम काढून नव्हे, सहज.

श्रावणात औंढ्याला गेलो. मी वाकून, अंग चोरून, अरुंद पायऱ्यांनी गाभाऱ्यात उतरले. तिथल्या ओल्या अंधाराला दुधाचा आणि चुरगळलेल्या बेलाचा वास होता. वर आले तेव्हा आपा कासाराच्या दुकानासमोर माझ्या चपला पायाशी घेऊन बसल्या होत्या.

“मागितलं ना माझ्यासाठी?” त्यांनी विचारले.

मागितले होते. हजच्या सोडतीत त्यांचे नाव निघावे, एवढेच त्या वर्षी त्यांचे मागणे होते.

दिवाळीच्या सुमारास नाव निघाले. भावासोबत उन्हाळ्यात जायचे ठरले, आणि आपांनी माफी मागायला सुरुवात केली. हजला निघणाऱ्याने ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन कळत-नकळत घडलेल्याची क्षमा मागायची. समोरच्याने ‘माफ केलं’ असे तोंडाने म्हणायचे, मगच जीव हलका होऊन वाटेला लागतो. पहिला मान त्यांनी मला दिला. मी सांगितले, माफ करण्याजोगे आपल्यात काही घडलेलेच नाही. ते त्यांना पुरेसे वाटले नाही. शब्द हवा होता.

आणि तो माझ्या ओठांवर येईना. आमच्या घरी उंबरा ओलांडताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. ‘माफ केलं’ या शब्दांत मला सगळे आवरून ठेवल्याचा आवाज ऐकू येई. ते दुखरे गुडघे, तिथले ऊन, ती गर्दी. एवढे म्हणून टाकले तर त्यांना माघारी ओढणारे काय उरेल, असे काहीतरी वेडे भय मनात होते. ते सांगण्याऐवजी मी थट्टा करीत राहिले. विचार करून सांगते, म्हणायची.

“पोरांना नापास करताना तर तुमाला एवढा इचार लागत न्हवता,” त्या म्हणाल्या.

माघात डोंगरकडा गावाच्या बाजूला गेलो तेव्हा शेताशेतांत हळद शिजत होती. बसच्या खिडकीतून तो उग्र, मातकट, गोडसर वाफारा आत येई आणि पदराला धरून घरापर्यंत सोबत करी. आपांनी वाटेत पुन्हा विषय काढला, मी पुन्हा टाळला.

त्यानंतरची फेरी शिरड शहापूरची. परतीच्या बसची वाट पाहत थांब्यावर बसलो होतो. आपा शेंगा सोलत होत्या. सोलता सोलता थांबल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या हिरव्या खणाचं कापड उरलं होतं, बाई. मी दिलं न्हाई. लेकीच्या लेकराला टोपडं शिवलं.”

मी खळखळून हसले. एवढंच ना, म्हणाले.

“एवढंच काहून म्हणता? तिथं अल्लाच्या दारात एवढंच जड होतं.”

त्यांच्या आवाजातला बदल मला ऐकू आला होता. तरीही मी म्हणाले, मग तर आणखी विचार करावा लागेल. आपांनी शेंगांची पुडी मिटली. बसमध्ये त्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यानंतर रोज दुपारी येणारी त्यांची पावले माझ्या ओट्याकडे वळली नाहीत. भिंतीपलीकडे त्यांचा खोकला, बादलीचा आवाज, फोडणीचा वास. सगळे होते, त्या तेवढ्या नव्हत्या.

निघायच्या सकाळी त्यांच्या अंगणात बायकांची दाटी होती. मोगऱ्याचे हार, अत्तर, तापू लागलेले पत्रे. आपा खाटेवर बसल्या होत्या, सुजलेल्या पायांत नव्या कोऱ्या सपाता. प्रत्येकीचा हात हातात घेऊन त्या तेच मागत होत्या आणि प्रत्येकजणी ते चटकन देत होती. मी पुढे गेले. त्यांनी माझाही हात धरला. पण मागितले नाही. नुसत्या पाहत राहिल्या. दुसऱ्या हाताने त्या गुडघा चोळत होत्या. माझे भय जपण्यासाठी मी या गुडघ्यांवर आणखी एक ओझे ठेवले होते.

“माफ केलं, आपा,” मी म्हणाले. “खणाचं केलं, आणि मला ठाऊक नसलेलंही सगळं केलं.”

त्यांनी डोळे मिटले. कितीतरी दिवस अडवून धरलेला श्वास सोडल्यासारखे त्यांचे खांदे खाली आले. मग डोळे उघडून म्हणाल्या, “आता तुमी मागा.”

हे माझ्या मनातच आले नव्हते. मी म्हणाले, “इतके महिने ताटकळत ठेवलं. मला माफ करा.”

आपांनी ओढणी सावरली. डोळ्यांत पाणी होते, पण ओठ एका बाजूला मुडपले होते. टाचण्या तोंडात धरून माप घेताना मुडपत, तसे.

“आल्यावर सांगते,” त्या म्हणाल्या.

गाडी गेली. काल मी औंढ्याला एकटीच गेले. कासाराच्या दुकानासमोर चपला काढल्या, त्याला लक्ष ठेवायला सांगितले आणि खाली उतरले. त्या ओल्या अंधारात आपांच्या गुडघ्यांसाठी मागितले.